महागडा ऑडिओ फ्यूज: पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंतचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांचा वेळ वाचेल. आवाज सुधारतो म्हणून विकल्या जाणाऱ्या 11,000 रुपयांच्या फ्यूजने माझ्या ॲम्पच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या, आवाजात काडीचाही फरक पडला नाही. त्या निमित्ताने बाकीच्या ज्या खटपटी केल्या, त्यातल्या दोनांनी मात्र पडला.

फ्यूज एकट्याचा नव्हे. मी बेळगावात टिळकवाडीत, एक मित्र इथंच शहापुरात, एक खानापूरला. तिघांनी वर्गणी काढून मागवला. एकट्याने एवढे पैसे घातले की कानाला फरक ऐकू यायलाच लागतो, त्यापेक्षा तिघांत वाटलेलं बरं. ऐकायला काय लावायचं यावर चर्चाच झाली नाही. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच, तेव्हा कुमारांची निर्गुणी भजनं. मागचे तंबोरे इतके नेमके जुळलेले असतात की आवाजात काही हललं तर आधी तिथंच कळावं.

माझा ॲम्प 50 वॅटचा, ब्रिटिश कंपनीचा. मागे पॉवर केबल लागते त्या सॉकेटखाली छोटा कप्पा आहे, त्यात 5 बाय 20 मिलिमीटरचा फ्यूज बसतो. मूळचा टी 2.5 ए, म्हणजे अडीच ॲम्पिअरचा आणि सावकाश उडणारा. नवीन आलेला मखमल लावलेल्या डबीत होता, टोप्यांवर रोडियमचा मुलामा आणि अंगावर बाण. करंट कुठून कुठे जायचा हे दाखवायला म्हणे. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची, सेकंदाला 100 वेळा दिशा बदलणारी. खानापूरकराने डबी हातात घेऊन विचारलं, "मग बाण कुठला धरायचा, जातानाचा का येतानाचा?"

रोडियमबद्दलही जाता जाता. तो तांब्यापेक्षा चांगला वाहक नाही, उलट त्याचा रोध तांब्याच्या सुमारे अडीचपट असतो. त्याचा गुण एवढाच की तो कडक असतो आणि काळा पडत नाही. मुलामा अगदी पातळ, त्यामुळे तोटाही नाही.

फ्यूजचा रोध साध्या मल्टिमीटरवर मोजता येत नाही, कारण मीटरच्या दोन वायरींचाच त्याहून जास्त भरतो. म्हणून बेंच सप्लायवरून बरोबर 1 ॲम्पिअर सोडला आणि फ्यूजच्या दोन टोप्यांमधलं व्होल्टेज बघितलं. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिओहम. दोन्ही फ्यूज 40 च्या आसपास, नवीन किंचित कमी. आता घराच्या वायरिंगकडे बघा. दीड एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे 12 मिलिओहम. मीटरबोर्डापासून हॉलपर्यंत 20 मीटर धरली तरी जाऊन-येऊन 40 मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा ओहम. फ्यूजच्या दहापट रोध भिंतीतच आहे, आणि त्याच्यापुढे खांबावरची लाईन, डीपी, सगळं वेगळंच. शिवाय ही वीज थेट स्पीकरला जात नाही. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, मोठाले कपॅसिटर ओलांडून मग पुढे जाते.

पण आकडे दाखवून कुणाचे कान गप्प होत नाहीत, तेव्हा ऐकून बघितलं. एकाच ॲम्पमध्ये फ्यूज बदलून तुलना करणं फसवं असतं. बंद करा, पिन काढा, बदला, परत चालू करा, तोवर आधीचा आवाज डोक्यातून गेलेला असतो. आमचं नशीब म्हणजे शहापूरकराकडे हुबेहूब हाच ॲम्प आहे. दोन्ही शेजारी मांडले, स्विचबॉक्सने स्पीकर इकडून तिकडे करायची सोय केली, मागच्या बाजूला चादर टाकली. कुठला फ्यूज कुठल्या ॲम्पमध्ये हे फक्त भाच्याला माहीत. आम्ही नुसतं सांगायचं, कुठला बरा वाटतो.

पहिल्या बैठकीत तिघांचंही एकमत: उजवीकडचा मोकळा, तंबोरा जास्त भरीव. शहापूरकराने तर षड्जाच्या तारेवर भाषण दिलं. भाच्याने फ्यूजची अदलाबदल केली, तरी उजवीकडचाच बरा. परत केली, तरी तोच. म्हणजे पसंती ॲम्पची होती, फ्यूजची नव्हतीच. मग 1 किलोहर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं, तर व्हॉल्यूमचं बटण त्याच खुणेवर असूनही उजवीकडचा जरासा जास्त देत होता. एवढ्या फरकाने आवाज मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. मीटर बघून दोन्ही सारखे केल्यावर आमची उत्तरं नाणेफेकीवर आली. त्या रात्री शेवटच्या अदलाबदलीनंतर मी "आता कळला बघ फरक" म्हटलं, तर चादरीमागून आवाज, "मामा, ह्या वेळेला मी हातच लावला नाही की!"

एवढं होऊनही खानापूरकराचा दावा कायम होता. त्याच्या घरी फ्यूज नेला तेव्हा मधूनमधून येणारी खरखर गेली, आवाज स्वच्छ झाला. खोटं नव्हतं ते, मी स्वतः ऐकलं. पण खानापूरचा पाऊस कसा असतो हे तिकडे राहिलेल्यांना सांगायला नको. आषाढात कपाटातले कपडेसुद्धा कुबट होतात. त्याच्या ॲम्पच्या फ्यूजहोल्डरची पितळी क्लिप काळी पडून ढिली झाली होती, एका कडेला हिरवट पूड. जुना फ्यूज काढून नवा दाबून बसवताना ती क्लिप घासली गेली, एवढंच. आम्ही पिन काढून क्लिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, पक्कडीने जरा आवळली आणि त्याचा जुनाच फ्यूज घातला. खरखर आलीच नाही, आजतागायत. "फ्यूज बदलला आणि पडदा उठला" छाप जे अनुभव वाचायला मिळतात, त्यातले बरेचसे असेच असावेत असा माझा अंदाज.

दुसरी खटपट माझ्या हॉलमधली. पंख्याचा रेग्युलेटर गोल फिरवायचा, जुन्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीचा होता. त्यात ट्रायॅक असतो, तो विजेची लाट मधेच कापतो आणि त्याची घरघर ॲम्पमध्ये शिरते. पंखा दोनवर असला की शांत जागी भुंगा ऐकू यायचा. त्या जागी कपॅसिटरचा स्टेपवाला रेग्युलेटर बसवला, चार-पाचशे रुपयांत काम झालं. भुंगा गेला आणि आलापातले श्वास ऐकू यायला लागले. घरच्यांनाही न सांगता कळलेला फरक हा एकच.

न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही जुन्या ॲम्पमध्ये स्पीकरच्या वाटेवरच फ्यूज असतो. तिथं गोष्ट वेगळी. खर्जाच्या ठोक्यांबरोबर फ्यूजची तार तापते-निवते, रोध बदलतो आणि खालच्या सुरांत मोजता येईल एवढी विकृती येते. फ्यूजचा बोभाटा बहुधा तिथून सुरू झाला असेल. पण मेनच्या फ्यूजला तो न्याय लावता येत नाही.

सगळ्यात राग आला तो डबीतल्या चिठ्ठीचा. आवाज आणखी खुलायला मूळ आकड्याच्या एक पायरी वरचा फ्यूज घाला, असा सल्ला. म्हणजे 2.5 च्या जागी 3.15. अहो, आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असा फ्यूज आकड्याच्या दीडपट करंट किमान एक तास सोसतोच. ढिलाई आधीच दिलेली आहे. वर चढवलात तर बिघाडाच्या दिवशी फ्यूज शाबूत राहील आणि ट्रान्सफॉर्मर जळेल. त्यात आमच्या फ्यूजवर कुठल्याही मान्यतेचा शिक्का नव्हता, आणि विकणाऱ्याने याबद्दल विचारल्यावर उत्तर दिलं नाही. मी माझ्या ॲम्पमधून तो काढला. शहापूरकर अजून वापरतो, त्याला बरा वाटतो, वाटू दे.

फ्यूज खरोखर उडाला असेल तर दुकानात "पाच बाय वीस, टी, अडीच ॲम्पिअर, सिरॅमिक" असं पूर्ण मागा. सिरॅमिकमध्ये वाळू भरलेली असते. एच खुणेचा असेल तर शॉर्टसर्किटचे 1500 ॲम्पिअर तो तोडू शकतो. काचेच्या एल वाल्याची हमी त्या मानाने फारच थोडी. अर्थात कंपनीने एल लिहिलं असेल तर एच चालतो, एच लिहिलं असेल तर एल चालत नाही. नुसतं "अडीचचा द्या" म्हटलंत तर एफ, म्हणजे झटकन उडणारा, हातात पडण्याची शक्यता जास्त, आणि टोरॉइडल (गोल कड्यासारख्या) ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प चालू करताना पहिल्याच झटक्यात तो उडतो. दोन जास्तीचे घेऊन ठेवा, चहाच्या पैशात येतात.