चांगथांगच्या सरड्यासाठी आयबटन: बिळात चोख, उन्हात मंद

डीएस१९२२एल हा आयबटन म्हणजे १७.३५ मिलिमीटर व्यासाची, साधारण ६ मिलिमीटर जाडीची स्टीलची बंद डबी. आत तापमापक, घड्याळ, मेमरी आणि बॅटरी. ठरवून दिलेल्या अंतराने ती तापमान नोंदवत राहते. सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करणाऱ्यांच्या सामानात ती हमखास असते. पण उंच डोंगरातल्या सरड्यासाठी ती कुठे लावायची आणि कुठे मुळीच नाही, हे खरेदीआधीच ठरवलेलं बरं.

इथे कसोटीला घेतलाय लडाखचा टोड-हेडेड अगामा हा सरडा, शास्त्रीय नाव फ्रायनोसेफॅलस थिओबाल्डी. चांगथांग पठारावरच्या त्सो कार सरोवराच्या काठी, सुमारे ४,५०० मीटरवर, वाळू आणि बारीक खडीत राहणारा. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के. हवा गार, पण विरळ हवेतून येणारं ऊन कडक, त्यामुळे जमिनीचा पृष्ठभाग भराभर तापतो आणि ढग आला की तितक्याच भराभर निवतो. सकाळी सरडा बिळाच्या तोंडाशी पोट जमिनीला चिकटवून, अंग पसरट करून ऊन खातो. वाळू तापली की पाय ताणून अंग वर उचलतो. हवेचं तापमान आणि सरड्याच्या अंगाचं तापमान यांचा इथे फारसा मेळ नसतो. ऑलिव्हर पिअर्सन यांनी पेरूच्या अँडीजमधल्या लायोलेमस सरड्याबद्दल १९५४ सालीच हे दाखवून दिलं होतं. म्हणून नुसतं हवामान केंद्राचं तापमान घेऊन या सरड्याविषयी काही बोलता येत नाही. बीळ, पृष्ठभाग आणि सावली यांचं तापमान वेगवेगळं मोजावं लागतं.

बिळासाठी हा आयबटन उत्तम, यात वाद नाही. जमिनीखाली तापमान सावकाश बदलतं, तेव्हा डबीचा मंदपणा आड येत नाही. मात्र ती थेट बिळात सरकवू नका. सरड्याच्या बिळात १७ मिलिमीटरची चकती म्हणजे वाट बंद. बिळापासून १० सेंटिमीटर बाजूला सळईने आयबटन मावेल एवढंच भोक पाडा, ५, १०, २० आणि ४० सेंटिमीटरवर एकेक आयबटन बसवा आणि भोक त्याच मातीने ठासून भरा. माती सैल राहिली तर वरची गार हवा आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी सरळ खाली उतरतं, आणि आलेख बिळाचा न राहता त्या भोकाचा होतो.

सेटिंगमध्ये बहुतेकांची गफलत मेमरीवर होते. ०.०६२५ अंशाच्या बारकाव्यावर ४,०९६ नोंदी मावतात, ०.५ अंशाच्या बारकाव्यावर ८,१९२. दर १० मिनिटांनी बारीक नोंद घेतली तर २८ दिवसांत मेमरी भरते. उन्हाळ्यातल्या एका फेरीला तेवढं पुरतं. ऑक्टोबर ते एप्रिल हा पूर्ण काळ, म्हणजे २१२ दिवस हवे असतील तर तासाला एक बारीक नोंद पुरत नाही, १७० दिवसांतच जागा संपते. दीड तासाचं अंतर ठेवा, २५६ दिवस मिळतात. आणि ‘रोलओव्हर’ बंद ठेवा. तो चालू राहिला तर मेमरी भरल्यावर सुरुवातीच्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात आणि हिवाळ्याची सुरुवातच पुसली जाते.

अचूकतेचा दावा ±०.५ अंशाचा, तोही −१० ते +६५ अंशांपुरता आणि सॉफ्टवेअरची दुरुस्ती लावल्यावर. डबी −४० पर्यंत चालते, पण −१० च्या खालचे आकडे तेवढ्या भरवशाचे नाहीत. चांगथांगच्या हिवाळ्यात पृष्ठभागाजवळच्या नोंदी वाचताना हे ध्यानात असू द्या. थंडीत घड्याळही मागे पडतं, महिन्याला एक-दोन मिनिटं. दीड तासाच्या नोंदींना त्याने फरक पडत नाही, दहा मिनिटांच्या नोंदींची जुळवाजुळव करताना पडतो. पुरण्याआधी सगळे आयबटन पिशवीत घालून कुटलेला बर्फ आणि पाणी यांच्या काल्यात अर्धा तास ठेवा. शून्यापासून अर्ध्या अंशाहून जास्त भरकटलेला बाजूला काढा.

पाण्याच्या बाबतीत कंपनीच्या कागदावर विसंबू नका. डबीला शिंतोडे सोसतात, पण चिखलात महिनोन्‌महिने पडून राहणं वेगळं. लॅटेक्सच्या हातमोज्याचं एक बोट कापून त्यात आयबटन घालायचा, हवा पिळून काढायची आणि गाठ मारायची. स्वस्त आणि पुरेसं. रबराच्या द्रावणाचा जाड थर देणारेही आहेत. जमिनीखाली चालतो, पण आधीच मंद असलेली डबी त्याने आणखी मंद होते.

आता उन्हाचा भाग. सरड्याला जागोजागी किती ऊब मिळू शकते ते मोजण्यासाठी तांब्याच्या पोकळ नळीचा सरडा करून ठेवतात. १९९३ साली हर्ट्झ, ह्यूई आणि स्टीव्हन्सन यांनी मांडलेली तापमान-नियमनाची, म्हणजे सरडा अंगाचं तापमान किती नेमकं राखतो याची मोजणी याच आकड्यांवर उभी आहे. इथे आयबटन नापास. तो आत जायचा तर नळी २२ मिलिमीटरची घ्यावी लागते, म्हणजे मॉडेल खऱ्या सरड्याहून जाडजूड होतं. त्यात स्टीलची डबी स्वतःच उष्णता धरून बसते. ढग दोन मिनिटं येऊन गेला तरी मॉडेलला त्याचा पत्ता नसतो. खरी चढउतार दबून जाते आणि सरडा सावली का गाठतो याचं उत्तर आकड्यांत सापडत नाही. १५ मिलिमीटरची पातळ नळी, मध्यभागी बारीक थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक), दोन्ही टोकं बंद, बाहेरून सरड्याच्या रंगाशी जुळणारा मॅट रंग, हा मार्ग खर्चिक असला तरी बरोबर. चमकदार रंग मारलात तर नळी ऊन परतवते आणि आकडे खाली येतात. आयबटन उघडा वाळूवर ठेवणं तर त्याहून वाईट: तो फक्त उन्हात पडलेल्या स्टीलचं तापमान सांगतो.

सरड्याच्या पाठीवर चिकटवण्याचा विचारही नको. डबीचं वजन सुमारे ३.३ ग्रॅम. अंगावरचं ओझं वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचं तर प्राणी किमान ६६ ग्रॅमचा हवा, आणि हा सरडा त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय ही जात अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते: गार मातीत अंडी वाढणार नाहीत, म्हणून मादी गर्भ पोटात घेऊन उन्हामागे फिरते. गाभण मादीवर आणखी भार टाकणं म्हणजे जे मोजायचं तेच बिघडवणं.

अभयारण्याच्या हद्दीत काही पुरायचं तर वन्यजीव विभागाची लेखी परवानगी आधी काढावी लागते. जीपीएसवर विसंबून पुरलेली जागा पुढच्या वर्षी सापडत नाही. तीन-चार मीटरची चूक धरलेलीच असते. प्रत्येक भोकाजवळ खुणेचे दगड ठेवा, दोन दिशांनी फोटो काढा आणि आयबटनला नायलॉनची दोरी बांधून तिचं टोक दगडाखाली दाबा. बॅटरी बदलता येत नाही, ती संपली की आयबटन टाकून द्यायचा, म्हणून गरजेपेक्षा चार-पाच जास्तच घ्या. आणि वाचताना सगळ्यात आधी डेटा उतरवून तपासा, मगच नवी नोंदणी सुरू करा. ‘स्टार्ट’ दाबलं की जुन्या नोंदी त्याच क्षणी पुसल्या जातात.