अलिबागला फार्मवरचा व्हिला बुक करताय? मॅपवरचा नंबर खरंच फार्मचा आहे का ते आधी बघा

नाताळच्या सुट्टीत अलिबागकडे जाणाऱ्यांनी हे प्लीज पूर्ण वाचा, आमचे पैसे गेले, निदान तुमचे तरी वाचूदेत.

चौल-नागाव भागातल्या एका ऑरगॅनिक फार्मवर दोन व्हिला घेतले होते, एक आम्हाला आणि सासूबाईंना, दुसरा नणंदेच्या कुटुंबाला. स्वतःचं किचन असलेलेच हवे होते कारण सासूबाईंना डायबेटिस आहे, बाहेरचं तेलकट चालत नाही, आणि पोरांना मळ्यातली वांगी स्वतः तोडायची होती. आता नीट ऐका, फार्म खरा आहे. व्हिला खरे, फोटो खरे, रिव्ह्यूसुद्धा खरे. खोटा होता तो फक्त मॅपवर फार्मच्या नावाखाली दिसणारा मोबाईल नंबर, कोणीतरी एडिट सुचवून तो तिथे घुसवला होता. म्हणजे जागा खरंच आहे का हे कितीही तपासलं तरी उत्तर ‘आहे’ असंच येणार.

आणि त्या नंबरवरचा माणूस बोलायला इतका गोड! "ताई, आजींचे गुडघे दुखत असतील तर पायऱ्या नसलेला व्हिला ठेवतो." सिलेंडर भरलेला असेल, मिक्सर-कुकर आहे, तांदूळ-पीठ तेवढं आणा, भाजी मळ्यातली घ्या. पोपटी लावायची का हेही त्यानेच विचारलं, मडकं, वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला आमच्याकडचा, चिकन फक्त तुमचं. हे सगळं फार्मच्या जुन्या पोस्टमधून उचललेलं होतं हे नंतर खऱ्या मालकांकडून कळलं.

ॲडव्हान्स २४,००० रुपये. यूपीआयवर कुणा वेगळ्याच माणसाचं नाव आलं, विचारलं तर म्हणे अकाउंटंटचं खातं आहे, फार्मचं करंट अकाउंट केवायसीमुळे अडकलंय. निघायच्या आदल्या रात्री सिक्युरिटी डिपॉझिटचे १०,००० मागितले, चेकआउटला परत मिळतील म्हणून. ते पाठवले तर म्हणतो राउंड फिगर सिस्टीम घेत नाही, आता १०,००१ पाठवा, आधीचे आपोआप रिफंड होतील. तिथे माझ्या नवऱ्याने साफ नकार दिला आणि त्या माणसाचा सूरच बदलला, बुकिंग कॅन्सल, एक रुपया मिळणार नाही, फोन कट.

फार्मचा पत्ता तर माहीत होता, म्हणून सकाळी मालकांनाच गाठू म्हणून निघालो. गेटवरच्या काकांनी रजिस्टर उघडून दाखवलं, दोन्ही व्हिला भलत्याच लोकांच्या नावावर, आणि म्हणाले तुमच्या आधी पुण्याची एक फॅमिली असंच विचारत आली होती. डिकीत नाचणीचं पीठ, बर्फात मसाला लावलेलं चिकन, सासूबाई वडखळच्या ट्रॅफिकमध्ये बसून आखडलेल्या. मालक धावत आले, त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला. मालकांची यात काहीच चूक नाही, त्यांचंही नाव खराब होतंय, म्हणून फार्मचं नाव लिहीत नाहीये.

तिथूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या पेमेंटचा स्वतःचा नंबर, हाताशी ठेवा, तो लागतोच. रात्रीचे १०,००० समोरच्या खात्यात होल्ड झाले, २४,००० मात्र केव्हाच पुढच्या खात्यांत फिरवले होते. म्हणून म्हणते, उद्या करू, बँक उघडल्यावर करू, असं अजिबात नको, जितका उशीर तितके पैसे लांब जातात. सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाकली, मग घराजवळच्या पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणे अलिबागला जा. असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, गुन्हा कुठेही घडलेला असो, झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला घ्यावीच लागते.

बुकिंग करताना एवढं तरी करा. मॅपवरचा नंबर आणि फार्मच्या स्वतःच्या पेजवरचा, जुन्या पोस्टमधला नंबर जुळतो का बघा. त्याच क्षणी व्हिडिओ कॉल करून किचन आणि गेटवरची पाटी दाखवायला सांगा. ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचं नाव पैसे घेणाऱ्या खात्याशी ताडून बघा. आम्हाला त्याने पाठवलेल्या सर्टिफिकेटवर खऱ्या मालकांचं नाव होतं, खात्यावर दुसऱ्याचंच.

मालकांनी मॅपवरचा नंबर आता बदलून घेतलाय, पण तो माणूस थांबलेला नाही, तोच मोबाईल नंबर परवा नणंदेला कर्जतच्या एका फार्मखाली दिसला. ज्यांनी मॅपवरच्या नंबरवर बोलून ॲडव्हान्स भरलाय त्यांनी निघायची वाट बघू नका, आजच फार्मच्या मालकांना गाठून बुकिंग कन्फर्म करा.