केबल ठेवावी की ओटीटीवर जावे: पुण्यातील एका घराचा हिशेब

गेल्या वर्षभरात आमच्या कोथरूडच्या सोसायटीतील किमान पाच-सहा घरांनी मला हा प्रश्न विचारला आहे की, घरात फायबरचे इंटरनेट आले, टीव्हीही स्मार्ट आला, तर आता केबलचे पैसे दरमहा कशासाठी भरायचे? प्रश्न पैशांचा वाटतो आणि बहुतेक जण तो पैशांनीच सोडवू पाहतात. आमच्या घरी सहा महिने केबल आणि ओटीटी (म्हणजे इंटरनेटवरून ॲपवर कार्यक्रम पाहण्याची सोय) या दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालवून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, मराठी घरापुरते बोलायचे तर घरात कोण काय पाहते आणि ते लावण्यासाठी त्याला कोणावर अवलंबून राहावे लागते, यावर निर्णय ठरायला हवा. खर्चाचा क्रम त्यानंतरचा आहे.

तरीही आधी खर्च पाहू, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. केबलचे बिल म्हणजे एक सरसकट रक्कम अशी आपली समजूत असते. २०१३ मध्ये पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा होईपर्यंत ते बऱ्याच अंशी खरेही होते. पण फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नव्या दररचनेप्रमाणे या बिलाचे दोन भाग झाले आहेत. पहिला भाग नेटवर्क शुल्काचा, ज्याला केबलवाले एनसीएफ म्हणतात. आरंभी तो शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये होता, २०२० मध्ये त्याच रकमेत दोनशे वाहिन्या देणे बंधनकारक झाले आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे आता हा आकडा आपल्या केबलचालकाला विचारूनच घ्यावा लागतो. दुसरा भाग सशुल्क वाहिन्यांचा. प्रत्येक सशुल्क वाहिनीची सुटी किंमत जाहीर केलेली असते आणि ती एकेकटी घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो.

आमचे बिल ४७२ रुपयांचे होते. त्याची फोड मागितली तेव्हा १३० रुपये नेटवर्कचे, २७० रुपये सशुल्क वाहिन्यांचे आणि ७२ रुपये कराचे निघाले. त्या २७० रुपयांच्या पॅकमध्ये दाक्षिणात्य चित्रपटांच्या डब वाहिन्या होत्या, मुलांच्या चार वाहिन्या होत्या, आणि आमच्या घरात आता लहान मूल नाही. एक आठवडा प्रत्यक्ष जे लावले गेले तेच कागदावर लिहून काढले. नऊ सशुल्क वाहिन्यांपलीकडे कोणी गेलेच नव्हते. त्या नऊ सुट्या घेतल्यावर वाहिन्यांचे ११२ रुपये झाले आणि करासह बिल २८६ रुपयांवर आले. केबल बंद करण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही छाटणी आधी करावी, असा माझा आग्रह आहे, कारण ओटीटीची तुलना फुगलेल्या बिलाशी केली तर निकाल आधीच ठरलेला असतो. सुट्या वाहिन्या मागितल्यावर केबलचालक अनेकदा टाळाटाळ करतात, ‘पॅकच स्वस्त पडतो’ असे सांगतात. काही वेळा ते खरेही असते, म्हणून दोन्ही आकडे लेखी मागून मगच ठरवावे.

आता दुसरी बाजू. हिंदी-इंग्रजी मालिका आणि चित्रपट पाहणाऱ्या घराला एखादे-दुसरे ॲप पुरते. मराठी वाहिन्या रोज पाहणाऱ्या घराची अडचण वेगळी आहे. झी मराठीचे कार्यक्रम झी ५ वर आहेत, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचे जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीचे सोनी लिव्हवर आणि सन मराठीचे सन नेक्स्टवर. केबलवर जे रिमोटचे पाच क्रमांक आहेत, त्यांच्यासाठी येथे चार ॲप, चार खाती आणि चार वेगवेगळ्या तारखांना संपणाऱ्या वर्गण्या होतात. याउलट बातम्यांसाठी मात्र काहीच द्यावे लागत नाही. एबीपी माझासारख्या मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात, आणि प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या वेव्हज या ॲपवर दूरदर्शनच्या वाहिन्या मिळतात.

वर्गणीच्या आकड्यांमध्येही बारकावे आहेत. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातील दर कमी केले तेव्हा सर्वांत स्वस्त योजना १४९ रुपयांची ठेवली, पण ती फक्त मोबाइल आणि टॅबलेटवर चालते. टीव्हीवर पाहायचे तर १९९ रुपयांपासून सुरुवात होते आणि चित्राचा दर्जा व एकाच वेळी चालणारे पडदे वाढवत गेल्यास ४९९ आणि ६४९. जिओहॉटस्टारच्याही मोबाइल योजनेचा टीव्हीला उपयोग नाही. जाहिरातीत दिसणारा सर्वांत लहान आकडा बहुधा असाच मोबाइलचा असतो. प्राइम व्हिडिओची वार्षिक वर्गणी १,४९९ रुपये आहे, पण जून २०२५ पासून तेथे जाहिराती सुरू झाल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये द्यावे लागतात. ‘जाहिरातींपासून सुटका’ हे केबल सोडण्याचे कारण अनेक जण देतात. स्वस्त योजना घेणाऱ्यांसाठी ते आता फारसे टिकत नाही. मुलगा बंगळुरूला किंवा मुलगी अमेरिकेत असेल आणि एकाच खात्यावर दोन्ही घरे भागवायचा विचार असेल, तर नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात एक खाते एका घरापुरते मर्यादित केले आहे, हेही हिशेबात धरावे.

इंटरनेटचा खर्च मात्र ओटीटीच्या खात्यात पूर्णपणे टाकू नये, असे मला वाटते. घरून काम करणारे किंवा शिकणारे कोणी असेल तर ते कनेक्शन तसेही घरात असतेच. एचडी दर्जाचे चित्र तासाला साधारण ३ जीबी डेटा घेते. रोज चार तास टीव्ही चालला तर महिन्याला ३६० जीबी, जे कोणत्याही सर्वसाधारण फायबर योजनेत सहज बसते. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर हॉटस्पॉट लावून टीव्ही चालवण्याचा बेत मात्र तासाभरातच संपतो. ज्या घरात केवळ टीव्हीसाठी नवे इंटरनेट घ्यावे लागणार आहे, त्या घरात केबलच स्वस्त पडेल, यात मला शंका नाही. टीव्ही जुना असल्यास त्यावर ॲप चालवण्यासाठी लावण्याच्या स्टिकचे तीन ते पाच हजार रुपयेही जोडावेत.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे लिहायला घेतले, त्याकडे वळते. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. संध्याकाळी सात वाजता त्या दिवा लावतात, साडेसातला टीव्ही लावतात आणि रिमोटवर तीन आकडे दाबून आपली मालिका पाहतात. त्यांना क्रमांक पाठ आहेत; चष्मा नसला तरी बोटांना जागा माहीत आहे. आम्ही केबलचा बॉक्स काढून पाहिला तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांना टीव्ही लावण्यासाठी आधी इनपुट, मग ॲप, मग ‘कोण पाहत आहे’ असा प्रश्न, मग शोध, मग मालिकेचा भाग अशा पायऱ्या पार कराव्या लागल्या. एका संध्याकाळी ॲपने पुन्हा लॉग-इन मागितले आणि ओटीपी माझ्या मोबाइलवर आला, तेव्हा मी कार्यालयात होते. त्या दिवशी त्यांनी टीव्ही पाहिला नाही आणि मला फोनही केला नाही. ‘तुझ्या कामात कशाला अडथळा’ असे त्या रात्री म्हणाल्या. त्या महिन्यात वाचलेल्या २८६ रुपयांपेक्षा मला ती संध्याकाळ फार महाग वाटली.

हे सगळ्याच ज्येष्ठांना लागू होते, असे मी म्हणणार नाही. आमच्याच मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक बोलून शोधण्याचे बटण दाबून जुनी नाटके आणि गाण्यांच्या मैफली स्वतः शोधून पाहतात, आणि केबलवर त्यांच्या आवडीचे काही लागत नाही अशी त्यांची तक्रार वर्षानुवर्षांची होती. त्यांच्यासाठी ओटीटी आणि यूट्यूब हे खरोखरच वरदान आहे. मुद्दा वयाचा नसून सवयीचा आहे: ज्याला काय पाहायचे ते निवडायचे आहे, त्याला ओटीटी, ज्याला ठरलेल्या वेळी ठरलेले लागलेले हवे आहे, त्याला केबल. एकाच घरात दोन्ही प्रकारची माणसे असतात, आणि निर्णय घेणारा बहुधा पहिल्या प्रकारचा असतो.

क्रिकेटच्या बाबतीत चित्र बरेच बदलले आहे. आयपीएल २०२७ पर्यंत स्टार स्पोर्ट्स आणि जिओहॉटस्टार या दोन्हींवर आहे, त्यामुळे सामना कोठे दिसेल ही अडचण उरलेली नाही. आशिया चषक सोनीकडे आहे. फरक पडतो तो वेळेचा. इंटरनेटवरील प्रक्षेपण लहान लहान तुकड्यांत साठवून पुढे सरकते, म्हणून ते केबलच्या कित्येक सेकंद मागे असते, कधी अर्ध्या मिनिटापर्यंत. वरच्या मजल्यावर केबल असेल तर विकेट गेल्याचे आपल्याला त्यांच्या आरड्याओरड्यातून आधी कळते. ज्यांना याचा त्रास होतो त्यांनी केबल ठेवावी. ज्यांना केवळ आयपीएलच पाहायचे आहे, त्यांनी तेवढ्या दोन-सव्वादोन महिन्यांची वर्गणी घ्यावी. वर्षभराच्या खेळ-पॅकची गरज नाही.

पावसाळ्याबद्दल एक भ्रम दूर करायला हवा. पहिल्या वळवात गुलमोहराची फांदी पडली की केबलची तार तुटते, हे पुणेकराला ठाऊक आहे. पण फायबरही त्याच झाडांवरून आणि खांबांवरून आलेले असते, आणि अनेक भागांत ते पुरवणारा माणूसही जुना केबलवालाच असतो. विजेचा फरक मात्र खरा आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी शेजारच्या गल्लीतील वीज बंद झाली आणि केबलचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर तिथल्या विजेवर असला, तर आपल्याकडे वीज असूनही पडद्यावर काही येत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावलेला असेल तर घरची वीज गेल्यावरही टॅबलेटवर कार्यक्रम चालू राहतो. डिश घ्यावी का, असेही काही जण विचारतात. मुसळधार पावसात डिशचा सिग्नल क्षीण होतो, आणि पुण्यात ते दिवस मोजके असले तरी नेमके घरात बसून टीव्ही पाहण्याचे असतात. दूरदर्शनची फ्री डिश मात्र वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावी: एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की मासिक खर्च शून्य, आणि २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून ठरलेले सामने खासगी वाहिन्यांना दूरदर्शनलाही द्यावे लागतात, ते डीडी स्पोर्ट्सवर तिथे दिसतात. तेच सामने केबलवरच्या डीडी वाहिनीवर दिसतीलच असे नाही, कारण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती सवलत दूरदर्शनचे स्वतःचे प्रक्षेपण आणि फ्री डिश यांच्यापुरतीच राहिली.

बाणेर-बालेवाडीत दोघेच नोकरी करणारे, रात्री नऊनंतर घरी येणारे आणि मराठी मालिका न पाहणारे जोडपे असेल, तर त्यांनी केबल घेऊच नये. एक वर्गणी आणि यूट्यूब पुरे. सदाशिव पेठेत एकटे राहणारे आजी-आजोबा असतील आणि मुले परगावी असतील, तर त्यांची केबल कोणीही काढू नये, फक्त पॅक छाटून द्यावा. दोन पिढ्या एकत्र राहणाऱ्या आमच्यासारख्या घरांनी दिवाणखान्यात छाटलेली केबल आणि आतल्या टीव्हीवर एकच ओटीटी ठेवावी, आणि तेही एका वेळी एकच: दोन महिने एक, मग ते बंद करून दुसरे. बंद करताना यूपीआय किंवा कार्डावरील ऑटो-पेची परवानगीही रद्द करावी. नियमाप्रमाणे पैसे कापण्यापूर्वी चोवीस तास आधी सूचना येते, पण ती इतर संदेशांच्या गर्दीत सहज सुटते.

निर्णय पक्का करण्याआधी बॉक्सची पिन काढून महिनाभर कपाटात ठेवावी आणि घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला काय अडते ते पाहावे. कनेक्शन कायमचे बंद करायचे ठरलेच, तर बॉक्स भाड्याचा होता की विकत घेतलेला हे जुन्या पावतीवरून तपासावे आणि भाड्याचा असल्यास परत दिल्याची लेखी पोच घ्यावी. आम्ही आतल्या खोलीतला दुसरा बॉक्स परत केला तेव्हा अशी पोच घेतली नव्हती, आणि पुढचे दोन महिने त्या बॉक्सचे शुल्क बिलात येत राहिले.