कानाच्या नसेवरची गाठ: थांबून पाहायचं की लगेच गामा नाइफ?

रिपोर्टवर ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ हे नाव आलं की घरात एकच प्रश्न घोळतो: ही वाढणार का? गाठ कॅन्सरची नाही, लहान आहे, आणि डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू.

पहिल्या एमआरआयवरून अंदाज बांधता येतो, पण थोडाच. डेन्मार्कमधल्या ५५२ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात कानाच्या हाडातल्या नळीतच असलेल्या गाठींपैकी १७ टक्के वाढल्या, तर नळीबाहेर मेंदूच्या बाजूला आलेल्यांपैकी २९ टक्के. सुरुवातीचा मोठा आकार आणि चालताना तोल जाणं यांनाही महत्त्व देतात. ‘आता या वयात काय वाढणार’ हा दिलासा मात्र धरून बसू नका. वयाचा आणि वाढीचा पक्का मेळ बसलेला नाही. आणि गाठ वाढली नाही तरी ऐकू येणं कमी होऊ शकतं. थांबणाऱ्याने हे आधीच मनाशी धरावं.

माझ्या मते खरा निकाल दुसऱ्या एमआरआयवर लागतो. १० मिलिमीटरची गोल गाठ १२ झाली तर कागदावर फरक दोनच मिलिमीटरचा, पण तिचं आकारमान (घनफळ) ७३ टक्क्यांनी वाढलेलं असतं. उलट मशीन बदललं, स्कॅनचे काप जाड घेतले, तर न वाढलेली गाठही मिलिमीटरभर मोठी दिसते. म्हणून दोन्ही वेळा एकाच पद्धतीने स्कॅन करा, जुनी सीडी सोबत न्या आणि दोन्ही चित्रं शेजारी लावून मोजायला सांगा. नुसते दोन रिपोर्ट ताडून ठरवू नका.

नॉर्वेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, नव्याने सापडलेल्या गाठींचे १०० रुग्ण, निम्म्यांना लगेच गामा नाइफ (चिरफाड न करता गाठीवर नेमके किरण सोडण्याचा उपचार), निम्मे देखरेखीखाली. चार वर्षांत लगेच उपचार घेतलेल्यांच्या गाठी आकारमानाने सरासरी १३ टक्क्यांनी आकसल्या, थांबलेल्यांच्या ५१ टक्क्यांनी वाढल्या. तरीही थांबलेल्या ५० पैकी २८ जणांना कुठलाच उपचार लागला नाही, आणि लक्षणं, ऐकणं, तोल, रोजचं जगणं अशा २६ निकषांपैकी २५ मध्ये दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता.

त्यामुळे नळीतली लहान गाठ असेल तर मी थांबायला सांगेन. नळीबाहेर आलेली आणि दुसऱ्या स्कॅनमध्ये नक्की वाढलेली असेल तर गामा नाइफकडे झुकेन. ज्यांना दरवर्षी स्कॅनला येणं जमणारच नाही, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावं. मेंदूवर दाब आणणारी मोठी गाठ किंवा दोन्ही कानांच्या गाठी (एनएफ२ हा जनुकीय आजार) यांना हा हिशेब लागू नाही.

गामा नाइफ घेतलं म्हणून एमआरआय सुटत नाहीत. उपचारानंतर पहिली एक-दोन वर्षं गाठ फुगून मोठी दिसू शकते आणि बऱ्याचदा आपोआप बसते. ती वाढ समजून लगेच ऑपरेशनची घाई करू नये. थांबणाऱ्यांना साधारण पाच वर्षं दरवर्षी स्कॅन, आणि त्यानंतर जास्त अंतराने.