पवनचक्कीची मोटर घेताय? आधी शाफ्ट हाताने फिरवून बघा

जुन्या मोटरला मॅग्नेट बसवून घरगुती पवनचक्की करून देतो, असं सांगणारा एक माणूस सध्या नाशकात गिऱ्हाईकं गाठतोय. माझ्याकडून त्याने १८,००० रुपये घेतले.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. रात्री लाइट गेली की द्राक्षबागेत मिट्ट अंधार, त्यात बिबट्याची धास्ती. बॅटरीवर चार बल्ब चालावेत, एवढंच हवं होतं. त्याचं शेड अंबडच्या बाजूला. एक एचपीची थ्री-फेज मोटर पुढे ठेवून म्हणाला, "रोटर लेथवर उतरवून आत निओडिमियम मॅग्नेट भरलेत, भाऊ. एक किलोवॉट कुठं जात नाही." रोटर म्हणजे मोटरचा आत फिरणारा भाग, आणि निओडिमियम म्हणजे जोरकस चुंबक. मग दुसऱ्या मोटरवरून बेल्ट टाकून ती फिरवली आणि शंभर-शंभर वॉटचे बल्ब लख्ख पेटले.

बल्ब खरेच पेटले होते, हीच यातली मेख. साध्या इंडक्शन मोटरच्या रोटरमध्ये मॅग्नेट नसतं, पण लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं. टर्मिनलला योग्य कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा भाग) लावून ती भरपूर वेगात फिरवली की वीज तयार होते. चार पोलच्या, म्हणजे चार चुंबकी ध्रुवांच्या मोटरकडून ५० हर्ट्झची वीज हवी तर मिनिटाला १,५०० च्या वर फेरे लागतात. बेल्टवर ते सहज मिळतात. सहा फूट व्यासाची पाती मात्र बेताच्या वाऱ्यात अडीचशे-तीनशे फेरे घेतात. म्हणजे शेडमध्ये जे दिसलं ते मळ्यात कधी दिसणारच नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पाती छान फिरायची. मीटरवर काही नाही. फोन केला की उत्तर ठरलेलं, "वारा कमी आहे, आषाढात बघा." आषाढात खांब हलायला लागला, बल्ब काही लाल होईना.

शेवटी मोटर सातपूरला एका रिवाइंडिंगवाल्याकडे नेली. त्याने खोलली आणि हसला. "दादा, याला लेथ लागलेलाच नाही." रोटर कारखान्यातून आला तसाच, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांसकट. आत एकही मॅग्नेट नाही.

न खोलता ओळखायची खूणही त्यानेच दाखवली. तिन्ही वायरी सुट्या ठेवून शाफ्ट हाताने फिरवा, मग त्या एकत्र पिळून पुन्हा फिरवा. मॅग्नेट असतील तर आता शाफ्ट एकदम जड लागतो. साध्या मोटरला काही फरक पडत नाही. कपॅसिटर असले तर आधी काढून टाका. व्होल्ट दाखवले म्हणून भुलू नका. हळू फिरवायला सांगा आणि बल्बचा लोड लावून बघा.

किलोवॉटचं म्हणाल तर, ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात सहा फुटी पात्यांमधून जाणारी सगळी ऊर्जाच दोनशे वॉटच्या आत. बेट्झच्या नियमाने त्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के काढता येते. घरी केलेल्या चक्कीला पन्नास-साठ वॉट मिळाले तरी पुष्कळ. खरे मॅग्नेट असते तरी त्या वाऱ्यात किलोवॉट निघाला नसता.

पैसे मागितले तर त्याने पावतीवर बोट ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, "जुनी मोटर, १ नग." मॅग्नेटचा शब्द नाही. म्हणून सांगतो, पावतीवर "मॅग्नेट रोटर, इतक्या फेऱ्यांना इतके वॉट" असं लिहून घ्या आणि पैसे यूपीआयने द्या. माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं त्याचं "एक किलोवॉट गॅरंटी" एवढंच आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. तिथे दोन वर्षांची मुदत असते.

त्याचे व्हिडिओ अजून फिरतायत. मोटरला आता हिरवा रंग दिलाय, आणि कॅमेरा बेल्टपर्यंत जाऊ देत नाही.