अक्षरकार्डांचा डबा: तीन महिने वापरून
नागपूरच्या बर्डीवरून २८० रुपयांत घेतला. माझ्याकडे पाचवीतली अकरा पोट्टी आहेत. असरच्या म्हणजे वाचन तपासायच्या चाचणीत कोणी अक्षरावर अडकलेलं, कोणी शब्दावर. शाळा भरण्याआधी चाळीस मिनिटं आमचा वर्ग.

डब्यातली खरी कामाची वस्तू म्हणजे काना, मात्रा, वेलांटीची सुटी कार्डं. ‘दिवा’ म्हटलं की कानाला आधी द ऐकू येतो, मग इ. म्हणून पोरगं वेलांटी द-च्या नंतर ठेवतं. मी काही बोलत नाही. बोट फिरवून वाचायला लावते, मग ते स्वतःच कार्ड उचलून डावीकडे सरकवतं. फळ्यावर लिहून हे होत नाही, तिथं मीच खोडत बसते. घ-ध आणि भ-म शेजारी ठेवून फरक शोधायचा खेळही छान जमतो.

रफार मात्र डब्यात नाहीच! ‘सर्व’ शिकवायचं कसं? शेवटी जुन्या लग्नपत्रिका कापून केले. त्या मूळ कार्डांपेक्षा टिकल्या, कारण डब्यातला पुठ्ठा पातळ. जुलैच्या दमट हवेत कडा वळल्या. ‘क्ष’ला चित्र क्षत्रियाचं. आमचा एक गडी पाहून म्हणाला, “मॅडम, हा तर राजा आहे, र!” त्याचं काय चुकलं?

एका डब्यावर चारच मुलं बसवा, नाहीतर कार्डांपेक्षा भांडणं जास्त. सूचनापुस्तिका वाचू नका, तिच्यात बाराखडी पाठ करायलाच सांगितलंय. मी दुसरा डबा घेणार आहे, पण आधी लॅमिनेशनचा भाव विचारून.