दातांच्या ‘प्रोबायोटिक’ गोळ्या मागवण्याआधी हे वाचा

बाबांच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त यायचं. त्यात शुगर. दातांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की ‘पुढच्या आठवड्यात बघू’. अशा माणसाला फेसबुकवर नेमकी ती जाहिरात दिसली. पांढऱ्या कोटातले कोणी ‘डॉक्टर’ सांगत होते: स्केलिंग (दातांची सफाई) नको, रूट कॅनाल नको, गोळीतले चांगले जंतू, म्हणजे प्रोबायोटिक, कीड भरून काढतात. नंबर टाकताच ‘सल्लागार’ बाईंचा फोन. “काका, तुमच्या तोंडातले चांगले बॅक्टेरिया मेलेत. तीन महिन्यांचा कोर्स करा.” कॅश ऑन डिलिव्हरी, ४,५०० रुपये.

जाहिरातीत न्यूझीलंडच्या संशोधनाचा हवाला होता आणि तेवढा भाग खरा आहे. ओटागो विद्यापीठातल्या जॉन टॅग यांनी स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस या तोंडात राहणाऱ्या जंतूचा के१२ हा वाण (उपप्रकार) शोधला. तोंडाची दुर्गंधी आणि घशाचा संसर्ग यांवर त्याचा अभ्यास झालाय. पण आमच्या डब्यावर के१२चं नावच नाही! नुसतं ‘प्रोबायोटिक ब्लेंड’. जंतूंचं नाव, वाण आणि संख्या लेबलवर हवी, तर तीही नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक नाही. एक्स्पायरीवरचं स्टिकर नखाने खरवडलं तर खाली वेगळीच तारीख. आणि वापरायची सूचना? ‘गरम पाण्यासोबत गिळा.’ अहो, तोंडासाठीची गोळी तोंडात विरघळवायची असते, आणि गरम पाण्यात जिवंत जंतू टिकतील तरी कसे?

हिरड्यांतून रक्त येणं वाढलं तेव्हा त्या सल्लागार बाई म्हणाल्या, “विषारी घटक बाहेर पडतायत, गोळ्या बंद करू नका.” पैशांपेक्षा मला याचाच संताप येतो. कारण तोवर खालचा एक दात हलायला लागला होता. डेंटिस्टनी आरशात दाखवलं: दातांच्या मुळाशी पिवळट, दगडासारखं किटण. ते कुठल्याच जंतूने विरघळत नाही, खरवडूनच काढावं लागतं. शुगर असेल तर हिरड्या आणखी लवकर बिघडतात. चांगल्या प्रतीच्या गोळ्यासुद्धा फार तर उपचारांच्या जोडीला. बंद केल्या की ते जंतू बहुधा तोंडात टिकत नाहीत.

पैसे परत मागितल्यावर आमचा नंबर ब्लॉक झाला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवलीय. असं पार्सल आलंच तर बाहेरचं पाकीटही जपून ठेवा. पाठवणाऱ्याचा पत्ता त्यावरच असतो. आमचं रद्दीत गेलं.